शेवटच्या बांबूवरची साडी

विहीणबाई, आधी आपल्या भांडणाचं बघू. तंबूचं तोंड समुद्राकडे असावं की गावाकडे, हा वाद तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात आणि ते मला मुळीच पटलेलं नाही. दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. सकाळचा चहा पिता पिता, कुणाला काही न सांगता माणूस असं उठून जातं का? मी सुरतेच्या या टोकाच्या अडाजणहून तुमच्या बमरोलीला पोचले तेव्हा तुमच्या दारात अख्खी गल्ली जमली होती. रडू मला नंतर आलं. आधी राग आला, कारण यंदा तंबूचं तोंड कुठे करायचं यावर मी उन्हाळ्यापासून मुद्दे जमवून ठेवले होते.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे. पण तुमच्याविषयी नुसतं चांगलं बोलले तर ऐकणाऱ्याला वाटेल, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

आपलं जमणार नाही, हे आपल्या पोरांच्या लग्नातच सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी साताऱ्याकडची, बँकेत जन्म काढलेली, घरात माझी केतकी आणि मी अशा दोघीच. तुम्ही धुळ्याकडच्या, व्याही पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये, आणि तुम्ही घरी बसून साड्यांना लेस लावणाऱ्या. मुलाची आई म्हणून तुमचा मान करायचा, तर मी रिंग रोडच्या मोठ्या दुकानातून भारी साडी आणली. भर मांडवात तुम्ही ती उलटी केलीत, काठ चिमटीत धरलात आणि माझ्याकडे बघून मोठ्यांदा म्हणालात, "याहीनबाई, ही लेस ते मीच लावेल शे!" सगळा मांडव हसला. मी सोडून. तुमच्या अहिराणीत विहिणीची याहीन होते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आपण सुरतेत राहतो म्हणजे काय, हेही. इथे कुणाला साडी द्यायची तर तिच्याच हातची तिला परत जाण्याची भीती असते.

मग पोरांनी तो तंबू घेतला. तुमचा भूषण म्हणाला, समुद्रावर एका गावात पंचायतीने तंबू लावायला जागा ठेवलीय. सुरूच्या झाडांखाली, नळ आहे, संडास आहे, शेकोटीसाठी खड्डा आहे, कुणीही यावं. दोन्ही आयांना न्यायचं, म्हणजे त्या बोलायला लागतील, असा त्याचा हिशेब. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमचीच ताकीद आहे. नाव बाहेर फुटलं की रविवारी बसगाड्या भरून येतील, असं तुम्ही म्हणायचात, आणि तुमच्या जाऊबाईंनासुद्धा तुम्ही शेवटपर्यंत नाव सांगितलं नाहीत.

तो पहिला दिवस आठवतो ना? मी गाडीतून उतरल्याबरोबर नियमांचा फलक वाचायला उभी राहिले. गुजरातीत स्वच्छ लिहिलेलं होतं: लाल झेंड्यांच्या पुढे तंबू लावू नये, जाळ्यांवर पाय देऊ नये, काच आणू नये, शेकोटी खड्ड्यातच करावी, स्पीकर लावू नये. मी वाचून होईपर्यंत तुम्ही झेंड्यांच्या पुढे जाऊन सतरंजी अंथरलीसुद्धा. ओहोटी होती. पाणी इतकं आत गेलेलं की दिसतही नव्हतं, नुसता काळा चिखल चमकत होता. मी हाका मारल्या, तेव्हा तुम्ही हात कमरेवर ठेवून म्हणालात, "समुद्र तठे शे, आपू आठे. तो काय चालत येई का?"

चालत नाही, धावत आला. आमच्याकडे कृष्णेला पूर येतो तो सांगून येतो, तुमच्या पांझरेलाही तशीच रीत असेल. हा भरतीचा प्रकार आपल्या दोघींनाही नवीन, पण मी निदान फलक वाचला होता. तुमच्या हट्टाने तिथेच लावलेला तंबू ओढत आपण मागे पळालो. सतरंज्या, चादरी, तुमच्या दोन साड्या, व्याह्यांचा लेंगा, सगळं चिंब. केतकी हसून हसून वाळूत बसली. मी म्हणाले, "फलकावर होतं." तुम्ही म्हणालात, "मंग मोठ्यानं वाचानं व्हतं!"

आणि मग तुम्ही ते केलंत, जे अख्ख्या गुजरातच्या किनाऱ्यावर फक्त बमरोलीची बाई करू शकते. गावाच्या बाजूला वाळूत खांब रोवून त्यावर आडवे बांबू बांधलेले होते, ओळीने, छान ताणून. मिलमधून निघालेलं ओलं कापड असंच बांबूंवर वाळताना बघण्यात तुमचं आयुष्य गेलेलं. तुम्हाला वाटलं, वा, काय सोय केलीय गावाने! कडेचे बांबू मोकळे होते, त्यांवर तुम्ही सगळं घातलंत. साड्यांचे काठ जुळवून, एक सुरकुती न ठेवता. मला म्हणालात, बघा, असल्या सोयीचं तुमच्या फलकावर काही लिहिलंय का? नव्हतं लिहिलं, हे खरं आहे.

सकाळी गावातली कोळीण लखमीबेन आली. डोक्यावर ताज्या बुमल्यांची, म्हणजे बोंबलांची, टोपली, आणि बुमले सुकवायच्या बांबूवर व्याह्यांचा लेंगा. ती थांबली, टोपली उतरवली आणि सगळ्या तंबूंना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आ लेंघो कोनो छे?" व्याही तंबूतून बाहेर आले नाहीत ते नाहीतच.

चूक झाली की माफी कशी मागायची, याची मला सवय आहे. बँकेच्या काउंटरवर ती रोजच लागते. मी शुद्ध गुजरातीत दोन वाक्यं जुळवत होते. तुम्ही मात्र धावत जाऊन कपडे ओढून काढलेत, ते खांद्यावर टाकलेत आणि तिच्या टोपलीपाशी फतकल मारून बसलात. "आ तो अमारो रोटलो छे, बेन," आमची भाकरी आहे ही, ती म्हणत होती. तिचा आवाज अजून चढलेलाच होता. "रोटलावर लेंगा टाकला मी," तुम्ही म्हणालात, आणि कपाळावर हात मारून घेतलात. तिला हसू फुटलं. मग तिने दाखवलं, तुम्ही बघितलंत. दोन बुमले घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकायची. सकाळभर तुम्ही तिच्याबरोबर जोड्या टाकत होतात. मी मासे न खाणारी, नाकाला पदर लावून लांब उभी. तर एक जोडी वर धरून तुम्ही मला ओरडून म्हणालात, "देखा, ह्या दोन्ही याहिनीच शेतस! तोंडमा तोंड!"

मी हसले. लग्नानंतर तुमच्यासमोर पहिल्यांदा हसले, विहीणबाई, आणि नाकावरचा पदर सुटला तो सुटलाच.

तेव्हापासून दर थंडीत आपण जात राहिलो, आणि तुमचा एक नेम ठरला. तंबू नंतर, आधी लखमीबेन. गाडी थांबली की भूषण तंबूच्या पिशवीला हात लावायचा, तर तुम्ही त्याच्या हातावर चापट मारायचात. भरताची हिरवी वांगी पदरात घेऊन तुम्ही तिच्या झोपडीपाशी जायचात आणि विचारायचात, यंदा कुठे लावू? पंचायतीची जागा, सगळ्यांसाठी खुली, तिला विचारायचं काय कारण, असं मी दरवर्षी म्हणत असे. शेतात पाय टाकताना मालक नसला तरी हाक मारतोच ना आपण, असं तुम्ही म्हणायचात. ती हाताने दाखवायची, यंदा तिकडे जाळी आहेत, यंदा इकडे होडी ओढणार आहेत. आणि आपल्याला सगळ्यात चांगली सावली मिळायची. फलकावर हे नव्हतं. पण झेंड्यांच्या अलीकडे राहायचं, हे फलकावर होतं, आणि ते त्या पहिल्या दिवसानंतर तुम्ही कधी मोडलं नाहीत. एवढं श्रेय मी घेणार.

सगळीच रीत काही तुमच्या मायेने पार पडत नसे. ती स्पीकरवाली पोरं आठवा. शेजारी तंबू लावून धांगडधिंगा चाललेला. लखमीबेनच्या घरची माणसं पहाटे होडी काढतात, त्यांना झोप हवी. मी नियम वाचून दाखवायला निघाले, तुम्ही मला मागे ओढलंत आणि भरीत-भाकरी घेऊन स्वतः गेलात. पोरांनी मावशी-मावशी करत सगळं भरीत फस्त केलं, तुमच्या ठेच्याची तारीफ केली, स्पीकर बंद केला आणि तुम्ही तंबूत परत यायच्या आत पुन्हा लावला. मग मी सरपंचांना फोन केला. तेव्हा शांत झालं. "खाईसन बी बेइमान!" तुम्ही त्या भरतासाठी किती हळहळलात, कारण आपल्या वाटणीचंही त्यांना दिलं होतं आणि आपण त्या दिवशी कोऱ्या भाकरी ठेच्याशी खाल्ल्या. इतकी चविष्ट भाकरी मी जन्मात खाल्लेली नाही, हेही आज सांगून टाकते.

निघताना तुमची झडती असायची. आपल्या कांद्याची सालं, दुसऱ्यांच्या वेफर्सच्या पिशव्या, कुणाची तरी तुटलेली चप्पल, सगळं गोणीत. गोणी गाडीत माझ्या पायाशी. "तुमनी नोकरी पैसा सांभाळानी व्हती, आते हाई सांभाळा," म्हणायचात. मी चिडायचे आणि घरापर्यंत सांभाळायचे.

आणि तंबूचं तोंड. मी म्हणायचे, एवढ्या लांब यायचं ते समुद्र बघायला, चेन उघडली की पाणी दिसलं पाहिजे. तुम्ही म्हणायचात, "लोकस्कडे पाठ करीसन कसाले झोपानं?" ज्यांच्या दारात राहायचं त्यांच्याकडे पाठ करायची नाही, म्हणून तोंड गावाकडे. मी म्हणायचे, गावाकडे बघून काय दिसतं, बुमले! भूषण बिचारा खुंट्या हातात धरून उभा. शेवटी एका वर्षी तुमचं, एका वर्षी माझं, असं ठरलं. मागच्या वर्षी माझं, समुद्राकडे होतं, पण पाऊस शिंतडला म्हणून भूषणने तंबू मध्येच गावाकडे फिरवला आणि तुम्ही म्हणालात, हे माझं वर्ष धरायचं नाही. मी म्हणाले, धरायचं. तिथेच थांबलंय ते.

तुम्ही गेलात आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या घरात ठरलं: वर्षभर सण नाही, लग्नकार्याला जाणं नाही, सहल तर नाहीच. रीत आहे, मला मान्य आहे. पण विहीणबाई, मला धस्स झालं ते वेगळ्याच कारणाने. एका वर्षाचा खंड पडला की अशा गोष्टी पुन्हा होत नाहीत. पोरांना कामं असतात, मुंबई-पुण्याचे बेत होतात. केतकीचं लग्न झाल्यावर माझं घर रिकामं झालं होतं, आणि तुम्ही मला त्या तंबूत ओढून घेतलं होतंत. सहल गेली की मी पुन्हा अडाजणच्या तिसऱ्या मजल्यावर, सणावारी बोलावण्याची विहीण. हे मी बोलणार कुणाजवळ? विहीण गेली आणि हिला समुद्र आठवतोय, असंच म्हणाले असते लोक. मी गप्प बसले. तुम्ही मला एवढं गप्प कधी पाहिलं नसेल.

तोंड उघडलं ते व्याह्यांनी. तुम्ही गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नव्हते. जेवायला बसायचे आणि भाकरी मोडून तशीच ठेवायचे. थंडी सरत आली होती. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले असताना कपाटातून त्यांनी ती साडी काढली. तुमची त्या पहिल्या वर्षीची, जांभळी, आंब्यांच्या छापाची, मिलमध्ये छापताना डाग राहिला म्हणून स्वस्तात आणलेली. तिचा बुमल्याचा वास कितीही धुतली तरी गेला नव्हता, म्हणून तुम्ही तिला समुद्राची साडी करून टाकली होती आणि दरवर्षी तीच नेसायचात. लखमीबेन दरवर्षी कडेचा एक बांबू मोकळा ठेवून तुम्हाला चिडवायची, आ तारो, लेंघो सूकवजे. आणि तुम्ही खरंच आंघोळीनंतर ती साडी तिथे वाळत घालायचात.

व्याही म्हणाले, "लखमीबेनले कोनी सांगं का?"

गल्लीला कळलं, धुळ्याला कळलं, केतकीच्या ऑफिसात कळलं. लखमीबेनला कुणीच कळवलं नव्हतं. तिचा नंबर फक्त तुमच्या डोक्यात, कारण तुम्ही नंबर पाठ करणाऱ्या शेवटच्या बाई. "तिले सांगाले जानं पडी," व्याही म्हणाले. "सण नही, सहल नही. सांगाले जानं." भूषणने खाली मान घालून तंबूची पिशवी शोधायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात जाऊन वांगी आहेत का ते बघितलं, आणि तिथे एकटीच हसले आणि रडले.

तुमच्यासारखी वांगी मला निवडता येत नाहीत, हे आधीच सांगते. व्याह्यांनी बाजारात माझ्या हातातून दोन परत ठेवली.

गाडी थांबली. तंबूच्या पिशवीला कुणी हात लावला नाही. व्याही पुढे, हातात साडीची पिशवी, मागे वांगी घेऊन मी, मागे पोरं. लखमीबेन बांबूंपाशी होती, सगळे बांबू बुमल्यांनी भरलेले. तिने लांबूनच हात केला आणि उशीर केला म्हणून ओरडली. "आ वखते बहु मोडा आव्या!" मग ती आम्हाला एकेक करून बघत गेली, आणि आमच्या मागे गाडीकडे बघितलं. "पेली क्यां छे?" ती कुठाय, म्हणजे तुम्ही.

मी पुन्हा शुद्ध गुजराती जुळवत होते. व्याह्यांनी नुसती पिशवी पुढे केली. तिने आत बघितलं, साडी ओळखली. ती खाली वाळूत बसली आणि अंगावरच्या साडीचा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. आम्हीही बसलो. तुमच्या दारात अख्खी गल्ली बसली होती तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग ती डोळे पुसत म्हणाली, लेंग्याच्या दिवशी मी तिला किती बोलले होते. आणि व्याही, विहीणबाई, तुमचे यजमान, दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. मोठ्यांदा हसले. मग लखमीबेन हसली, मग आम्ही सगळे.

तिने हात धरून मला उठवलं आणि ओळीच्या कडेला नेलं. बाकी सगळे भरलेले होते, शेवटचा एक मोकळा होता. "आ एनो छे," ती म्हणाली. तुमचा आहे तो. थंडी लागल्यापासून तिने त्यावर एक बुमला टाकला नव्हता. आज येतील, उद्या येतील म्हणून. ऐन मोसमात.

साडी मी घातली वाळत. तुमच्यासारखे काठ जुळवायला गेले, ते जुळले नाहीत. वाऱ्याने ती आधीच फुगली होती, आणि लखमीबेनने दोन्ही टोकांना सुतळीने बांधून दिली.

मग वांगी तिच्या पदरात टाकून मी विचारलं, यंदा कुठे लावू? विचारलं मी. तिने हाताने जागा दाखवली. भूषण खुंट्या घेऊन उभा राहिला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंड कुठे? वर्ष कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. मी मनात सगळ्या मुद्द्यांची उजळणी केली. चांगले मुद्दे होते, तुम्हाला उत्तर देता आलं नसतं.

"गावाकडे," मी म्हणाले.

केतकी तुमच्या घरी सुखात आहे, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तिला तुम्ही लेस लावायला शिकवलीत आणि तिच्याकडून कधी लावून घेतली नाहीत, हेही मला माहीत होतं. दर थंडीची मी पाऊस संपल्यापासून वाट बघायचे, हेसुद्धा नाही सांगितलं. तंबूत आपल्या दोघींच्या गाद्या शेजारी असायच्या, सांगायला किती वेळ होता. पण आपल्याला भांडायचं असायचं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. समुद्र पाठीमागे होता, भरतीचा आवाज येत होता, आणि तो न बघण्याचं मला खरंच वाईट वाटत होतं. ते वाटणारच, त्यात तुम्ही पडू नका. मी चेन उघडली. समोर बुमल्यांच्या जोड्या ओळीने डुलत होत्या, एकमेकींच्या तोंडात तोंड घालून. त्यांच्या कडेला जांभळी साडी ऐन वाऱ्यात उडत होती, आणि खाली उभी राहून लखमीबेन तिला काहीतरी सांगत होती.